मधल्या क्षणाचा हिशेब

विजेचा दाब काबूत ठेवणे आणि तिला एका रूपातून दुसऱ्या रूपात आणणे, या दोनच कामांभोवती ज्याचे उभे आयुष्य फिरले, त्याच्यापाशी सांगण्यासारखे काय असणार, असे वाचकाला वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, चार्जर ही यंत्रे घराच्या नाहीतर कारखान्याच्या कोपऱ्यात धूळ खात उभी असतात. ती नीट चालली असताना कोणाला त्यांची आठवण होत नाही, आणि कोणाला आठवण झाली तर फिर्याद आली असे आम्ही समजावे, हा या धंद्याचा जुनाच रिवाज आहे. परंतु त्या फिर्यादींच्याच मागे वर्षानुवर्षे हिंडताना एक गोष्ट माझ्या मनावर हळूहळू ठसत गेली. यंत्र एका स्थितीत किंवा दुसऱ्या स्थितीत स्थिर असताना क्वचितच दगा देते. ते दगा देते पहिली स्थिती सुटली आणि दुसरी अजून हाती आली नाही अशा मधल्या क्षणी. या शास्त्रातल्या नामांकित शोधांचा इतिहास मी पुढे सवडीने वाचला, तेव्हा त्यांतले कितीतरी शोध याच क्षणाचा बंदोबस्त करण्यासाठी लागलेले आहेत, हे पाहून मला आपल्या अनुभवाची खात्री पटली.

मी भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात रुजू झालो तो काळ दाबाच्या लहरीपणाचा होता. घोषित दाबापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक चढउतार होऊ देऊ नये, असा दंडक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत लघुदाबासाठी घालून दिलेला होता. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावी संध्याकाळी विहिरींवरचे पंप सुरू झाले की घरातला दिवा निखाऱ्यासारखा लाल होई आणि मीटरचा काटा दीडशे-एकशे साठवर येऊन टेके. नियम आणि वस्तुस्थिती यांच्यामधल्या या अंतरावर आमचा कारखाना पोसला जात होता, असे म्हटले तर ते उद्धटपणाचे होईल, पण खोटे होणार नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतून स्टॅम्पिंग, इनॅमलची तार आणि रिले आणायचे, बॉबिनवर वेढे घालायचे, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवायचे आणि पत्र्याच्या पेटीत बसवून पाठवायचे, असा सारा व्यवहार असे.

तिथे वाइंडिंगच्या खात्यात एक वयोवृद्ध कारागीर होते. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले असावे, पण सर्व्हो स्टॅबिलायझरमधल्या डिमरस्टॅटविषयी त्यांना जे ठाऊक होते ते मला कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळाले नव्हते. डिमरस्टॅट म्हणजे लोखंडी कड्यावर एकाच थरात गुंडाळलेली तार. तिचा वरचा इनॅमल घासून तांबे उघडे केलेले असते आणि त्या चकचकीत पट्टीवरून कार्बनचा एक ब्रश मोटारीच्या साह्याने पुढेमागे सरकतो. ब्रश एका वेढ्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर दोन्ही वेढ्यांवर बसतो, म्हणजे तेवढा वेढा शॉर्ट होतो. मग तो जळत का नाही, हा प्रश्न मी त्यांना विचारला. “साहेब, ब्रश तांब्याचा असता तर जळालाच असता,” ते म्हणाले. “कार्बन मुद्दाम घेतलाय. तो बाहेरचा करंट जाऊ देतो, पण दोन वेढ्यांमधला करंट अडवून धरतो. ब्रश जास्त मऊ घेतलात तर पट्टी काळी पडते, जास्त रुंद घेतलात तर तापतो. नव्वद टक्के बिघाड ब्रशखालीच असतो बघा.” त्यांची टक्केवारी अंदाजी होती, पण निदान अचूक होते. कार्बनचा जो अवगुण समजला जातो, म्हणजे तांब्याच्या मानाने त्याचा अधिक रोध, तोच इथे गुण म्हणून वापरलेला होता. आणि तो वापरलेला होता केवळ पालटाच्या त्या क्षणासाठी.

पुढे रिलेवर चालणारे स्वस्त स्टॅबिलायझर करण्याची टूम निघाली, तेव्हा हीच अडचण निराळ्या वेषात समोर आली. ट्रान्सफॉर्मरच्या एका टॅपवरून दुसऱ्या टॅपवर जाताना रिलेचा एक संपर्क सुटतो आणि दुसरा लागतो. मध्ये काही मिलिसेकंद भार निराधार राहतो आणि सुटणाऱ्या संपर्कावर ठिणगी पडते. ठिणगी पुरती विझण्याआधी दुसरा संपर्क लागला तर दोन टॅप एकमेकांना जोडले जातात आणि संपर्क वितळून चिकटतात. आम्ही मध्ये एक रोधक घालून पाहिला: आधी भार रोधकावर घ्यायचा, मग जुना टॅप सोडायचा, नवा धरायचा आणि शेवटी रोधक बाजूला काढायचा. प्रयोग साधला, कारखान्यात पेढे वाटले गेले आणि पेटंटची भाषा सुरू झाली. मी मुंबईला जाऊन जुने दस्तऐवज चाळले, तेव्हा कळले की बर्नहार्ड यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १९२७ सालीच मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी नेमकी हीच तजवीज योजली होती, आणि आपल्याकडच्या उपकेंद्रांतले अनेक ट्रान्सफॉर्मर भार न तोडता टॅप बदलतात ते त्याच तत्त्वावर. त्याच्या यंत्रात एक स्प्रिंग आधी ताणून ठेवलेली असते आणि ती सुटली की सारी अदलाबदल सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास उरकते, कारण मधला रोधक तेवढाच वेळ भार सोसू शकतो. नव्या पहारेकऱ्याने जागा घेतल्यावाचून जुन्याने ती सोडू नये, आणि दोघांनी मिळून तिथे रेंगाळूही नये, एवढेच ते तत्त्व. पण ते लोखंड आणि तेलात उतरवायला यान्सेनच लागला. मालकांची निराशा झाली. मला मात्र आपण भलत्या वाटेवर नव्हतो याचे समाधान वाटले.

एका सहकारी दूध शीतकरण केंद्राची हकीकत यापेक्षा बोधप्रद आहे. तिथे एका नामांकित बनावटीचा सर्व्हो स्टॅबिलायझर होता; दिवसभर तो उत्तम चाले, पण पंधरा-वीस दिवसांतून एखाद्या रात्री नियंत्रण-फलकातले काही ना काही जळून जाई. बनवणाऱ्यांनी दोष वीज मंडळावर ढकलला, मंडळाने वायरिंगवर, आणि शेवटी ते प्रकरण आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. मी व माझा एक सहकारी तिथे मुक्कामाला राहिलो. दुसऱ्या रात्री साडेनऊच्या सुमारास वीज गेली. त्या वेळी दाब एकशे साठच्या आसपास होता आणि ब्रश पार वरच्या टोकाला जाऊन बसलेला होता, म्हणजे येणारा दाब जवळजवळ दीडपटीने वाढवून देत होता. वीज गेली तशी सर्व्होची मोटारही जागच्या जागी थांबली. तासाभराने वीज आली तेव्हा शिवारातले पंप अजून सुरू व्हायचे होते आणि दाब अडीचशेला भिडलेला होता. ब्रश मात्र तिथेच होता. अडीचशेच्या जवळजवळ दीडपट म्हणजे साडेतीनशेच्याही वर! मोटार सेकंदाला तीसएक व्होल्ट या वेगाने तो दाब उतरवू लागली आणि तीन-चार सेकंदांत काटा दोनशे तीसवर आलाही; परंतु जे जळायचे होते ते तेवढ्या अवधीत जळून गेले होते.

उपाय सांगायला सोपा होता. वीज आल्याबरोबर ती भाराला द्यायचीच नाही. आधी ब्रशला आपली जागा घेऊ द्यायची, बाहेरचा दाब ठरलेल्या मर्यादेत आला आणि काही सेकंद तिथे टिकला की मगच कॉन्टॅक्टर ओढायचा. एक टायमर, एक तुलना करणारा छोटा परिपथ आणि एक कॉन्टॅक्टर, एवढे साहित्य त्याला पुरले. दाब नियमित करण्याची त्या यंत्राची मूळ क्षमता पूर्वीही उत्तम होती आणि नंतरही तेवढीच राहिली. त्याला फक्त थांबायला शिकवावे लागले. यंत्र काय करते यापेक्षा ते काय करण्याआधी काय करते, हे पाहण्याची सवय मला त्या रात्रीपासून लागली.

इलेक्ट्रॉनिक परिपथांचा जमाना आला तेव्हा हाच प्रश्न सूक्ष्म होऊन आला. पहिल्या पिढीतले दाबनियंत्रक सरळमार्गी होते: जास्तीचा दाब ट्रान्झिस्टरने स्वतःवर घ्यायचा आणि उष्णता म्हणून हवेत सोडून द्यायचा. पंधरा व्होल्टमधून पाच व्होल्ट काढून तीन अँपिअर द्यायचे म्हटले तर भाराला पंधरा वॉट मिळत आणि तीस वॉट हीटसिंकवर वाया जात. बॉब विडलर या विक्षिप्त पण असामान्य अमेरिकन अभियंत्याने १९७० च्या सुमारास असा सारा नियंत्रक, फार तापला तर स्वतःला बंद करून घेण्याच्या अकलेसकट, सिलिकॉनच्या एका तुकड्यात बसवला. तरीही उधळपट्टीचे प्रमाण तेच राहिले. त्यावरचा उतारा म्हणजे ट्रान्झिस्टरला अर्धवट उघडा न ठेवता स्विचसारखा वागवणे. पूर्ण चालू असताना त्याच्यावर दाब नसतो, पूर्ण बंद असताना त्याच्यातून प्रवाह नसतो, म्हणून दोन्ही अवस्थांत नुकसान जवळजवळ शून्य. रॉबर्ट मॅमानो यांनी सिलिकॉन जनरल या कंपनीत १९७६ साली अशा स्विचिंगचे सारे नियंत्रण एकाच चिपमध्ये आणले आणि एसएमपीएस, म्हणजे स्विच मोड पॉवर सप्लाय, हा शब्द हळूहळू आमच्याही कारखान्यात शिरला. पण कागदावरची ही शून्ये पाहून हुरळून जाणाऱ्याला तो मधला क्षण तिथेही गाठतोच. चालू आणि बंद यांच्या दरम्यान दाबही असतो आणि प्रवाहही असतो. सेकंदाला हजारो वेळा पालट होऊ लागला की त्या निमिषमात्र नुकसानीची बेरीज डोंगराएवढी होते. सरळमार्गी नियंत्रक ज्या मधल्या अवस्थेत कायमचा मुक्काम करून असे, तिच्यातून स्विचिंगने नुसता प्रवास करायचे ठरवले; प्रवासखर्च मात्र दर फेरीला द्यावाच लागला.

भारनियमनाच्या काळात, म्हणजे २००५ नंतरच्या चार-सहा वर्षांत, महाराष्ट्रात इन्व्हर्टरला जी मागणी आली ती या धंद्याने पूर्वी कधी पाहिली नव्हती. मी तेव्हा ज्या कारखान्यात होतो तिथे साइन-वेव्हचे इन्व्हर्टर बनत; त्यातले चार मॉसफेट ट्रान्झिस्टरांचे पूल सेकंदाला सुमारे वीस हजार वेळा उघडझाप करीत. पुलाच्या एका बाजूचा वरचा आणि खालचा मॉसफेट एकाच वेळी चालू झाले तर बॅटरी थेट शॉर्ट होते, म्हणून एक बंद केल्यावर दुसरा चालू करण्याआधी मुद्दाम थोडा विराम सोडलेला असतो. आमच्या भाषेत डेड टाइम. एकदा मॉसफेटची नवी लॉट आली आणि टेस्टिंगच्या टेबलावर फटाक्यांसारखे आवाज सुरू झाले. खरेदी खात्याने माल बनावट ठरवला, डिझाइन खात्याने वाइंडिंगला नावे ठेवली, आणि व्यवस्थापकांनी अधिक मोठे, अर्थात अधिक महाग मॉसफेट मागवण्याचा हुकूम काढण्याची तयारी केली.

निकाल लावला तो टेस्टिंगला बसणाऱ्या एका मुलीने. इन्व्हर्टरला काहीही भार न लावता बॅटरीतून किती प्रवाह येतो, ते ती प्रत्येक यंत्राच्या पत्रकात लिहीत असे. “सर, या लॉटचा नो-लोड करंट बघा ना. पॉइंट तीन-चार अँपिअरने जास्त येतोय, सगळ्यांचाच. आणि लोड नसताना हीटसिंक कोमट लागतेय,” ती म्हणाली. काम नसताना यंत्र तापते, याचा अर्थ ते पालटताना तापते. ऑसिलोस्कोपवर पाहिले तेव्हा दिसले की नवे मॉसफेट अस्सलच होते, फक्त त्यांच्या गेटवर अधिक विद्युत्भार साठत असल्यामुळे ते बंद व्हायला किंचित उशीर लावत होते. वरचा पुरता मिटण्याआधी खालचा उघडत होता. गेटच्या रोधकाला समांतर असा एक डायोड, ज्याची किंमत रुपयाच्या आत होती, आणि विरामात थोडी वाढ, एवढ्यावर सारे आवाज थांबले. विराम फार वाढवला असता तर लहर विद्रूप होऊन पंखे घुमू लागले असते, म्हणून तो किती वाढवायचा हेही तिच्याच टेबलावर पंखा लावून ठरवले. पूर्ण भारावरचे आकडे यंत्राची ताकद सांगतात. त्याचे आरोग्य शून्य भारावरचा आकडा सांगतो, हे मी त्यानंतर प्रत्येक नवशिक्याला सांगत आलो.

मद्रासच्या आयआयटीत शिकून अमेरिकेत गेलेले जयंत बालिगा यांची कथा मी याच संदर्भात पुष्कळदा सांगितली आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी आयजीबीटी हा घटक सिद्ध केला; गेटवर मॉसफेटइतका आज्ञाधारक आणि मोठा प्रवाह वाहण्यात बायपोलर ट्रान्झिस्टरसारखा दमदार. आक्षेप एकच होता: तो बंद व्हायला वेळ लावतो. बालिगांनी इलेक्ट्रॉनांचा मारा करून सिलिकॉनमधल्या वाहकांचे आयुष्य हवे तितके कमी करण्याची रीत त्याला लागू केली आणि त्यामुळे बंद होण्याचा वेग गरजेप्रमाणे ठरवता येऊ लागला. याचे फळ मुंबईच्या लोकलगाडीत दिसते. तिथल्या उपनगरी मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली गाडी धावली. त्यानंतर कितीतरी दशके गाड्यांचा वेग रोधकांच्या टप्प्याटप्प्याने आवरला जाई आणि उष्णता वाऱ्यावर जाई. आजच्या गाडीखालून जो चढत जाणारा सूर ऐकू येतो तो स्विचिंगचा आहे, आणि आयजीबीटीचा पालट वेळेत होतो म्हणूनच तो शक्य झाला आहे.

मात्र वेग हाच काही रामबाण नव्हे. पालट जितका जलद तितकी उष्णता कमी, हे खरे. परंतु प्रवाह फार झटक्याने तोडला तर तारेतल्या नगण्य प्रेरकत्वातूनसुद्धा दाबाची उंच लाट उठते आणि शेजारच्या रेडिओवर खरखर सुरू होते. एका गिऱ्हाइकाने आमच्या चार्जरची तक्रार केली ती चार्जिंगविषयी नव्हे, सकाळच्या आकाशवाणीच्या बातम्या ऐकू येत नाहीत म्हणून! तेव्हा गेटचा रोधक थोडा वाढवून पालट मुद्दाम मंद केला आणि दोन-तीन अंश अधिक उष्णता पत्करली. अनुनादाचा आधार घेऊन दाब किंवा प्रवाह आपोआप शून्यावर येईल तेव्हाच स्विच हलवायचा, ही पुढल्या पिढीची युक्ती या पेचातून काढलेली सर्वांत सुरेख वाट आहे. तिथे पालट लादावा लागत नाही, त्याचा मुहूर्त साधावा लागतो.

हेच प्रचंड प्रमाणावर पाहण्याचा योग आला तो पडघ्याला. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, उणे-अधिक ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी १५०० मेगावॉट वीज आणते, आणि पडघ्याला थायरिस्टरच्या उंच मनोऱ्यांत तिचे पुन्हा प्रत्यावर्ती विजेत रूपांतर होते. थायरिस्टर एकदा चालू झाला की आज्ञेने बंद होत नाही. दाबाची लाट उलटून त्याचा प्रवाह शेजाऱ्याकडे ओढून नेते, आणि मग त्याला सावरायला काही सूक्ष्म अवधी लागतो. पलीकडच्या जाळ्यात कुठे दोष होऊन दाब अचानक घसरला तर ही सोपवणूक अर्धवट राहते आणि वाहिनीवर क्षणभर शॉर्टसारखी अवस्था येते. तिथले अभियंते हे सगळे अगदी रोजच्या आवाजात सांगत होते, आणि माझ्या मनात भोसरीचा तो कार्बनचा ब्रश येत होता.

पेटंटच्या कामाशी माझा संबंध पुन्हा आला तो उतारवयात, तरुणांच्या अर्जांचे मसुदे तपासताना. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात एक कलम असे आहे की, आपापल्या परीने स्वतंत्रपणे चालणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध मानता येणार नाही. परिपथाचा अर्ज या कलमावर हटकून अडतो, कारण रिले ज्ञात, ट्रायाक ज्ञात, ट्रान्सफॉर्मर तर शतकाहून जुना. अर्जदार बिचारा आपल्याकडे किती घटक आहेत याचीच यादी देत बसतो आणि परीक्षक ती यादीच त्याच्याविरुद्ध वापरतो. मी त्यांना सांगत असे, घटकांची नावे बाजूला ठेवा. कोण कोणासाठी थांबतो, किती वेळ थांबतो आणि तो थांबला नाही तर काय होते, ते लिहा. साधने ज्या ठिकाणी एकमेकांची वाट पाहतात त्या ठिकाणी ती स्वतंत्र उरत नाहीत, आणि शोध असलाच तर तो तिथेच सापडतो. असे लिहिलेले सगळे अर्ज मंजूर झाले असा माझा दावा नाही. पण ज्यांच्यात तसे लिहिण्याजोगे काही निघालेच नाही ते अर्ज मागे घेण्याचा सल्ला मला निःशंकपणे देता आला.

कारखान्याच्या तपासणी-पत्रकात पूर्वी दाब, प्रवाह, कार्यक्षमता आणि तापमान असे रकाने असत, आणि ते सर्व यंत्र स्थिर झाल्यावर भरायचे असत. मी जिथे जिथे गेलो तिथे त्यांत आणखी चार रकाने घालून घेतले: वीज गेल्यावर पहिल्या सेकंदात काय होते, आल्यावर काय होते, पूर्ण भार एकदम काढला तर काय होते, आणि भार नसताना यंत्र किती खाते. हिशेब खात्याची याला दर वेळी हरकत असे, कारण प्रत्येक यंत्रामागे टेस्टिंगचा वेळ वाढे, आणि ती हरकत अवाजवी नव्हती. आता घरोघरच्या छपरांवर सौर इन्व्हर्टर बसत आहेत. रस्त्यावरची वीज गेली की दोन सेकंदांच्या आत त्यांनी जाळ्यापासून अलग झाले पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते. तिथे पहिल्या रकान्यातला आकडा माणसाच्या आयुष्याचा आहे. म्हणून परवा एका तरुण कारखानदाराने आपले पत्रक अभिप्रायासाठी पाठवले आणि त्यात कार्यक्षमता दशांशापर्यंत देऊन तो रकाना मोकळा ठेवलेला दिसला, तेव्हा मी पत्रक वाचून पाहण्याची तसदी न घेता तसेच परत पाठवले आणि खाली एवढेच लिहिले की, आधी हा रकाना भरा, बाकीचे नंतर बघू.